रुखमाचं एक वाक्य

…नाई वं अस्मिता, 'मला' नको लिहू. मी 'मले' म्हनली तर 'मले'च लिही. याच्याच पायी तं सारं झालं.

धरमपेठेतले कृष्णकांतभाऊ, तुह्या दिपालीताईच्या पीएचडीच्या थिसिसचं शुद्धलेखन तपासनारे. जन्मभर दुसऱ्यायचेच थिसिस दुरुस्त केले त्यायनं. पोट्ट्यायनं डॉक्टरच्या पाट्या लावल्या, हे चष्मा पुसत बसले. बायको गेल्यावर घरात बोलाले कोनी नाई. मी भाकर नेऊन देत जाओ.

"मावशी, वेलांटी चुकली की मला घास उतरत नाही."

"मले वेलांटी समजत नाई गा भाऊ. भाकर गरम हाये, खा."

दिपालीचं थिसिस आपल्या बायायच्या बोलीवर. त्यात माही नणंद रुखमा बोलली होती, आपल्या पोराबद्दल. एकच होता तिले, नदीच्या डोहात बुडाला. मंग रुखमाबी गेली. तिचा आवाज भरून ठेवला होता तो मोबाईल सीताबर्डीत चोरीले गेला. रायली ती दिपालीनं लिहिलेली एकच फाईल, अन् भाऊनं त्याच फाईलीत तिची सारी बोली शुद्ध करून टाकली! दिपालीनं वाचून दाखवलं तं मी इचारलं, "हे कोन बाई बोलून राहिली वं?" पोरगी रडालेच लागली. तिच्या कॉलेजातल्या सरायनं बोलीच नाई म्हनून थिसिस वापस केलं.

भाऊ सोताच कागद घेऊन आले. चेहरा पार उतरलेला. "मावशी, रुखमाबाई कशा बोलायच्या ते सांगा, मी पुन्हा तसंच बसवतो."

रोज बसो आमी. सारं जमत आलं, पन एका वाक्यावर अडलं. 'माझा मुलगा मरण पावला.'

"इथं दुसरंच काहीतरी होतं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मीच बदललं. आता आठवतच नाही हो."

मलेबी आठवे ना. येवढं ठाऊक का रुखमा पोराले कधी 'मेला' नाई म्हनली.

परवा भाऊले लकवा मारला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात पडले हायेत. तोंड वाकडं झालं, बोलनं बंद.

अन् आज सकाळी दिपालीच्या लेकराले थोपटून राहिली होती, तं माह्याच तोंडून निघालं, "हळू बोला वं, निजून राहिला." हातच थांबला माहा. तेच वं! पोराचं कोनी इचारलं का रुखमा तेच म्हने. 'माहा पोरगा निजून राहिला.' मरेपर्यंत तेच.

तू दवाखान्यात जाशीन ना? ऐकू येते म्हनते त्यायले. कानाशी जाऊन सांगजो, मरन काढून टाका भाऊ, ते रुखमाचं नाई. म्हनजो, मावशीले आठवलं. पोरगा निजून राहिला.