नाक दाबून फुंकलेली हवा

नव्वदच्या दशकात चंद्रपूरला बाबांचा लग्नाचा बँड होता आणि मी त्यात क्लॅरिनेट वाजवायचो. सर्दी झाली की ऐन वरातीच्या वेळी माझा डावा गाल लोंबायचा. डोळा मिटेना, क्लॅरिनेट ओठांत धरवेना. अर्ध्या तासात पुन्हा सगळं सरळ! लोक म्हणायचे, लकवा आहे. कबुतराचं रक्त चोळून चोळून वीट आला होता मला.

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तोंड वाकडं होण्याआधी तुम्ही नेमकं काय करता?"

"कानाला दडे बसले की नाक दाबून जोरात फुंकतो. बाबांनीच शिकवलं मले. त्याबिगर सूर ऐकू येत नाई."

"मग आत्ता फुंका."

फुंकलं. कानात फट्ट झालं आणि थोड्या वेळात गाल लोंबला. बाईंनी चक्क टाळी वाजवली! म्हणाल्या, चेहऱ्याची नस कानात हाडाच्या नळीतून जाते. तुमच्या नळीला जन्मापासून भोक असणार, म्हणून कानात अडकलेली हवा थेट नस दाबते. पुढे नागपूरच्या स्कॅनमध्ये ते भोक दिसलंच.

लकवा नव्हताच! तिथेच, बाईंसमोर, अर्ध्या तोंडाने मी इतका हसलो, की सदऱ्यावर लाळ सांडली.

घरी ओरडतच बाबांना सगळं सांगितलं. संध्याकाळी वरातीआधी बँडमधल्याच माझ्या थोरल्या भावाने सवयीने नाक दाबलं, तसा बाबांनी त्याच्या हातावर फटका मारला.

"फुंकू नको," ते म्हणाले. "सूर गेला तरी चालते."