तिरळे मासे

पनवेलमध्ये माझ्या हातचे ब्लाउज घालणाऱ्या बायकांना दुसऱ्या कोणाची शिवण चालत नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायची मला सवय नाही. वाकडा टाका दिसला की माझं डोकं फिरतं आणि तो कोणाचाही असो, मी उसवतेच. लेक सहावीत असताना तिने शाळेसाठी केलेला रुमालही मी उसवून पुन्हा शिवला होता. तेव्हापासून तिने सुई हातात धरली नाही.

ही लेक बाळंतपणाला सुकापूरच्या आमच्या घरी आली ती अट घालूनच. "आई, खोलीत काही लावायचं नाही. बाळ येईपर्यंत एक चिंधीसुद्धा नको."

एरवी हे मी म्हणायचं आणि तिने हसायचं. आमच्याकडे जन्माआधी बाळासाठी काही आणत नाहीत, रिकामा पाळणा हलवत नाहीत. गेल्या खेपेला तिने हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. रोडपालीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोघा नवराबायकोंनी भिंतभर हत्ती आणि ढग चिकटवले. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. ती दवाखान्यात होती तेव्हा ते हत्ती मीच उलथन्याने खरवडून काढले. त्यानंतर तिचं ते हसणं गेलं.

मला राग आला. तिचा नव्हे, तिच्या मनात बसलेल्या भीतीचा. माझं नातवंड काय उघड्याबोडक्या खोलीत येणार? मग मी पळवाट काढली. पूर्ण वस्तू नको ना, तर अर्धवट करू. ब्लाउजच्या उरल्यासुरल्या खणाचे, इरकलीचे मासे शिवायला घेतले. पाळण्यावर चिमण्या टांगतात, पण बाळाच्या बापाचं घर उरणच्या कोळ्यांचं, म्हणून मासे. कापूस भरला, शेपट्या जोडल्या, फक्त डोळे घालायचे ठेवले. डोळे नाहीत म्हणजे मासा झाला नाही आणि झाला नाही म्हणजे रीत मोडली नाही. सगळे स्टीलच्या डब्यात भरून कपाटात ठेवले.

विहीणबाई उरणहून आल्या तेव्हा लेकीच्या नकळत त्यांना डबा दाखवला. त्यांचा जन्म मासे विकण्यात गेलेला. एक मासा उचलून त्यांनी सवयीने पोट दाबून पाहिलं आणि खुदकन हसल्या.

"अवो विहीनबाई, बिनडोल्याची मासली कोन घेल? डोला बगूनच तं कलतं ताजी का शिली."

"बाळ येऊ दे, मग घालते डोळे."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि मासे टांगायला जाळ्याची दोरी पाठवून दिली.

मुलगी झाली. काळी कुळकुळीत जावळं, आवाज माझ्यासारखा. विहीणबाईंना दवाखान्यात बसवून मी रिक्षाने घरी आले. मायलेकींना घरी सोडेपर्यंत सगळे डोळे घालून व्हायला हवे होते. काळा दोरा ओवला, डबा उघडला.

एकूण एक माशाला डोळे होते.

एक डोळा वर, एक खाली. कुठे गाठ सुटलेली, कुठे दोरा उगाच गुंडाळलेला. खणाचा मासा तर चक्क तिरळा. असले टाके या घरात एकाच हाताचे. जिने चिंधीसुद्धा नको म्हटलं होतं, ती मी भाजीला गेले की डबा काढून बसत असणार. बाळ येणारच, हे तिने एकटीने, कोणाला न सांगता धरून ठेवलं होतं. मी तो डबा मांडीवर घेऊन पोटभर रडले. तिला नोकरी लागली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते, पण इतका अभिमान तेव्हाही वाटला नव्हता.

पाळणा बारशाला बांधायचा होता, तरी त्याच्या छतातल्या कडीला मासे टांगून टाकले. बाळाला घेऊन लेक खोलीच्या दारात आली आणि वर बघत थांबली. मग हळूच माझ्याकडे वळली.

"उसवले नाहीस?"

"कोणाची टाप आहे उसवायची!" मी म्हटलं.