सावंतबाईंच्या यंत्राला काय दिसत होते

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात पहिला संगणक आला, तेव्हा गणिताच्या प्राध्यापिका सुनंदा सावंत यांच्याशी माझा परिचय झाला. मी सुवर्णपदक घेऊन नुकताच अध्यापक म्हणून रुजू झालो होतो आणि बुद्धिबळात मला हरवणारे त्या इमारतीत कोणी नव्हते.

बाईंनी संगणकासाठी किल्ल्याच्या वेढ्याचा एक खेळ स्वतः रचला होता. दोन्ही बाजूंनी आपापल्या तुकड्या लपवायच्या आणि अंदाजाने चाल करायची. यंत्राने मला सलग नऊ वेळा हरवले. त्यावर मी एक लेख लिहिला. यंत्राला दूरदृष्टी असते, असा त्याचा सिद्धान्त होता. बाईंच्या प्रतिभेवर एक संपूर्ण परिच्छेद होता. महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी घाटकोपरच्या छापखान्यात त्याची खिळेजुळणीही झाली.

मुद्रिते तपासताना एका तपशिलाची खात्री करावी म्हणून मी बाईंकडून प्रोग्रामचे कागद मागून घेतले. ते तिथेच वाचून काढले. माझ्या लपवलेल्या तुकड्या यंत्राला पहिल्यापासून दिसत होत्या. शिवाय दर फेरीला मला एक नवी तुकडी मिळे, त्याला दोन.

"बाई, ही फसवणूक आहे," मी म्हणालो.

"आहेच. एवढ्याशा मेमरीत ते विचार काय करणार? आधी अकरावीची पोरं पाच मिनिटांत त्याची वाट लावायची."

"पण सांगायचं तरी."

"मराठीत लिहून दाराशी टांगलंय, महिना झाला. तू रोज त्याच्याखाली चपला काढून आत येतोस." मग त्या हसल्या आणि त्यांची मालवणी बाहेर आली. "खुळो काय रे तू? तू हरलास म्हणून यंत्र शहाणं?"

यंत्राच्या लबाडीपेक्षा हा धक्का मोठा होता. तो अद्याप ओसरलेला नाही.

छपाई दुसऱ्या दिवशी होती. लेख मागे घ्यावा तर माझे हसे, न घ्यावा तर असत्य कायमचे छापले जाणार. विधाने थोडी सौम्य करतो, असे मी सुचवले. बाई उठल्या आणि माझ्यासोबत छापखान्यात आल्या.

"पानं कोरी जातील," लेख काढायचा म्हणताच मालक कुरकुरले.

"नाही जाणार. हा इथंच बसून लिहील."

जुळाऱ्याच्या बाकावर बसवून त्यांनी माझ्याकडून नवा लेख लिहून घेतला: यंत्राला काय दिसते, काय जास्त मिळते आणि मी नऊ वेळा का हरलो. स्वतःच्या स्तुतीचा जुळवलेला परिच्छेद त्यांनी आपल्यासमोर मोडायला लावला. वार्षिक निघाल्यावर विद्यार्थी मला हसले. पण त्यानंतर शंका घेऊन माझ्याकडे येऊ लागले.

पंच्याहत्तरी गाठलेल्या बाईंना निरामय शतायुष्य लाभो आणि त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो. हा लेख छपाईपूर्वी त्यांना दाखवला आहे. त्यातली चार विशेषणे त्यांनी खोडली. ती मी परत घातलेली नाहीत.