पंधरा मिनिटं पुढे

उमाकांत पारसनीसांच्या घरात 'फास्ट' हा शब्द मिठासारखा सगळ्यांत पडायचा. गुरुवारी प्रतिमाताईंनी चहाला नाही म्हटलं की धुणीभांडीवाली विचारायची, "आंटीजी, आज फास्ट है क्या?" सांगानेरी कापड घेताना ताई दुकानदाराला दोनदा विचारायच्या, रंग फास्ट आहे ना, नाहीतर परत आणून देईन. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ फास्ट होतं. आणि घराचे मालक तर काय, ऑफिसात 'फास्ट साहब' आणि कॉलनीतल्या पोरांचे 'फास्ट अंकल'.

नाव उगाच पडलं नव्हतं. विमा कंपनीच्या बदलीवर सांगलीहून जयपूरला आलेला हा माणूस आयुष्यभर घोड्यावर बसूनच वागला. मुलगी बघायला गेला तेव्हा पोहे संपायच्या आत होकार देऊन मोकळा झाला. जेवताना याचा ताकभात व्हायचा तेव्हा इतरांची पहिली पोळी चालू असायची. गाडी दुपारची असली तरी हा सकाळीच बायको-मुलीला स्टेशनात नेऊन बाकावर बसवायचा. दुर्गापुऱ्यात फ्लॅट घेतला त्या दिवशी याने पहिला खिळा ठोकला तो घड्याळासाठी, आणि काटे पंधरा मिनिटं पुढे सरकवून म्हणाला, "आता या घराला कधी उशीर होणार नाही." बायकोने हात जोडले, ते घड्याळाला की नवऱ्याला हे तिचं तिलाच ठाऊक.

पण या घाईचा खरा मार बसला तो अवनीला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला. ती जन्मली जयपूरची. शाळेत हिंदी-इंग्रजी, गल्लीत हिंदी, मराठी फक्त घरात. मराठी बोलताना ती शब्दासाठी थांबायची. "बाबा, आज मॅडमनी मला खूप..." एवढं म्हणून ती वर बघायची, शब्द छताला टांगलेला असल्यासारखी. की उमाकांतराव मध्येच शब्द टाकायचेच: "रागावल्या? शाबासकी दिली? अगं, बोल ना लवकर!" दहातल्या नऊ वेळा शब्द भलताच असायचा. पोरगी मान हलवून म्हणायची, "हं, वही." मोठी होता होता तिने बापाशी मराठीत लांब वाक्यं बोलणंच सोडलं. कामापुरतं हिंदीत बोलायची आणि आपल्या खोलीत जायची. उमाकांतरावांना वाटे, मुलगी अबोल आहे.

मग मध्यंतरी छातीत दुखलं, दोन स्टेंट पडले, आणि डॉक्टरने बजावलं, "पारसनीसजी, अब सब कुछ धीरे." धीरे म्हणजे काय हे उमाकांतराव एखादी परभाषा शिकावी तसे शिकू लागले. जेवताना मनात आकडे मोजायचे. सकाळी बागेत फिरायला जायचे आणि म्हाताऱ्या बायका पुढे निघून गेल्या तरी दात-ओठ खात मागे राहायचे. अशातच अवनीची परीक्षा आली. राज्य सेवेची मुख्य परीक्षा, तिसरी खेप. या वेळी नाही जमलं तर मुकाट्याने बँकेच्या नोकरीला लागायचं, असं तिने स्वतःहून कबूल केलं होतं. तिला ते किती नकोसं होतं, हे तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून कुणालाही कळलं असतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उमाकांतरावांच्या मनात आलं, पोरीला उद्या तरी शांतपणे घराबाहेर पडू द्यावं. घरात कुणी नसताना ते स्टुलावर चढले आणि घड्याळ बरोबर लावलं. इतक्या वर्षांनी काटे मागे फिरवताना त्यांना आपलाच अभिमान वाटला. सांगायचं कुणाला नाही, परीक्षेनंतर हळूच सांगू आणि दोघींची गंमत बघू, असं त्यांनी ठरवलं. नऊला निघायचं म्हणजे आता खरोखरच्या नऊला निघेल, एवढाच त्यांचा हिशोब.

सकाळी ते बागेत गेले. अवनीने आधीच सांगून ठेवलं होतं, "आप नहीं छोड़ोगे, बाबा. आप दो घंटे पहले बिठा देते हो. मैं ऑटो से जाऊँगी." त्यांनी ते निमूट ऐकलं होतं. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे हळूहळू चालून ते परत आले, दार उघडलं, आणि समोर अवनी. जमिनीवर मांडी घालून निवांत उपमा खात होती. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

"तू अजून इथेच?"

"अरे, टाइम है ना बाबा."

"कसला टाइम? नऊ वाजून गेले!"

अवनी हसली. "आपकी घड़ी में." आणि आईकडे बघून म्हणाली, "पंधरा मिनट माइनस."

स्वयंपाकघरातून प्रतिमाताईंनीही हसून मान हलवली. उमाकांतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे इतकी वर्षं या दोघी मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करत होत्या. घर आपल्या घड्याळावर चालतं या भ्रमात राहिलेले एकटे तेच. परीक्षेत मोबाइल नाही, मनगटी घड्याळ नाही, आणि अभ्यासासाठी अवनीने आपला मोबाइल केव्हाच आईच्या कपाटात कोंडून ठेवलेला. बघायला होतं ते भिंतीवरचंच.

"अगं, मी काल ते बरोबर लावलंय!" ते ओरडले.

उपम्याचा घास तिच्या हातातच राहिला. चेहऱ्यावरचं हसू पुसलं जाताना त्यांनी पाहिलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती उठली, हात पुसले आणि प्रवेशपत्राची पिशवी उचलली.

ऑटो शोधण्यात अर्थ नव्हता. प्रतिमाताई "अहो, तुमची तब्येत..." म्हणत जिन्यापर्यंत आल्या, तोवर स्कूटर चालू झाली होती. टोंक रोडवर त्या वेळी सगळं जयपूर एकदम कामाला निघतं. उमाकांतरावांनी बसच्या बाजूने, रिक्षांच्या मधून, एकदा तर सरळ दुकानांच्या पायऱ्यांना घासून स्कूटर घातली. लोकांनी शिव्या दिल्या, त्यांनी त्या घेतल्या. आयुष्यभर विनाकारण घाई केली आणि आज पहिल्यांदा घाईला कारण होतं. मागे बसलेल्या अवनीची बोटं त्यांच्या शर्टाला घट्ट धरून होती, लहानपणी शाळेत सोडताना धरायची तशी.

रामबाग सर्कल कसंबसं ओलांडलं आणि सी-स्कीम वस्तीच्या तोंडाशी सगळंच थांबलं. पुढे कुठलीशी मोठी बस आडवी झाली होती. हॉर्न, धूर, आणि एकही चाक हलत नव्हतं. केंद्राची शाळा पुढच्या वळणावर होती. गेट वेळेला बंद करतात, मग कोणी पाया पडलं तरी उघडत नाहीत, हे दरवर्षी पेपरात येतंच.

"उतर," ते म्हणाले. "पळ!"

अवनी उतरली आणि गाड्यांच्या फटीतून पळत सुटली. उमाकांतराव स्कूटर रेटत कडेला घेऊ लागले. छाती भरून आली होती, म्हणून त्यांचा हात आपसूक डाव्या बाजूला गेला. नेमकं तेव्हाच अवनीने वळून पाहिलं आणि ती थांबली.

भर रस्त्यात थांबली. एक पाऊल परतही आली.

त्यांनी जिवाच्या आकांताने हात हलवला, जा, जा म्हणून. ती उभीच. त्यांनी छातीवरचा हात काढून वर केला, दोन्ही हात वर केले, हसायचा प्रयत्न केला. तेव्हा कुठे ती वळली आणि बसच्या मागे दिसेनाशी झाली.

स्कूटर तिथेच लावून, खिशातली गोळी जिभेखाली ठेवून ते चालत गेटाशी पोचले तेव्हा गेट बंद होतं. बाहेर तीन-चार मुलं सळ्या धरून विनवत होती. एक मुलगी फुटपाथवर बसून ओक्साबोक्शी रडत होती. उमाकांतरावांनी तिच्यासमोर जाऊन वाकून पाहिलं. दुसऱ्याच कुणाची तरी लेक होती. त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"भैया, एक लड़की, नीला कुर्ता, अभी दौड़ते हुए आई थी?"

"बाबूजी, दौड़ते हुए तो सब ही आए," पहारेकरी म्हणाला. "जो अंदर गया सो गया."

घरून फोन आला. "पोचली ना?" प्रतिमाताईंनी विचारलं. "पोचली," ते म्हणाले, आणि खोटं बोलल्याचं त्यांना लागलं. ती आत नसेल तर कुठे असेल? रागाने कुठे निघून गेली असेल? त्यांनी रस्त्याचं एक एक टोक पाहून घेतलं आणि परत गेटासमोर आले. एका झाडाखाली चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर ते बसले. जायला कुठे जागाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीची नव्हे, माणसाची वाट पाहिली, आणि वाट पाहणं किती जीवघेणं असतं ते त्यांना कळलं. चहा समोर येऊन निवला. त्यांना राहून राहून तिची ती अर्धी वाक्यं आठवत होती. मॅडमनी खूप... काय केलं होतं? तेव्हा तिला काय सांगायचं होतं, हे आता कधीच कळणार नव्हतं.

पेपर सुटला. मुलांचा लोंढा बाहेर आला. उमाकांतराव टाचा उंचावून बघत राहिले. निळा कुर्ता दिसेना. गर्दी विरळ होत गेली तसे ते गेटाच्या अगदी जवळ सरकले. आणि मग सगळ्यांच्या मागून, पिशवी पोटाशी धरून, अवनी आली. आतून आली.

त्यांना पहिल्यांदा तोंडाशी आलं, कसा गेला पेपर? सगळे प्रश्न सुटले? ओठ उघडलेही. मग त्यांनी ते मिटले.

अवनी समोर उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग छातीकडे. आणि कितीतरी वर्षांनी मराठीत म्हणाली, "बाबा, मला पूर्ण पेपरभर तुमची... तुमची खूप..."

ती वर बघू लागली.

शब्द उमाकांतरावांना ठाऊक होता. अगदी जिभेच्या टोकावर होता. त्यांनी दात घट्ट आवळले. डोळे भरून आले तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. टपरीवाल्याने कप उचलून नेला. रस्त्याने एक बस गेली, मग दुसरी गेली.

"काळजी," अवनी म्हणाली. "काळजी वाटत होती."