काढ्यातलं कण्हेरीचं पान

लग्न होऊन मी झाशीला आले तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या भिंतीला लागून एक कण्हेर उभी होती. गुलाबी फुलांची, माझ्याहून हातभर उंच. आधी राहून गेलेल्यांपैकी कुणीतरी लावलेली. तिच्याच शेजारी मी माहेरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली अडुळशाची फांदी खोचली. नळाचं सांडपाणी तिथून वाहायचं, एवढंच बघून जागा ठरवली.

कॉलनीत बकऱ्या मोकाट फिरायच्या. या दोन झाडांना त्या तोंड लावत नसत, म्हणून आमच्या अंगणात हिरवं असं हेच दोन उरले होते. कण्हेरीला मी कधी तांब्याभर पाणीही घातलं नाही. मे महिन्यात लू, म्हणजे तिकडचा झळांचा वारा, चालायची, अंगणातली फरशी पाय भाजायची, तरी ती फुललेली. अडुळशाचं तसं नव्हतं. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की पानं माना टाकायची. संध्याकाळी बादली ओतली की सकाळी पुन्हा ताठ. त्याचे शेंडे मी सारखी खुडायची, म्हणजे तो आडवा पसरायचा आणि पानं भरपूर मिळायची. वाळलेली पानं गव्हाच्या पिंपात घातली की किडे होत नसत. पण मुख्य काम काढ्याचं. आमचे हे इंजिनावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे. कोळशाच्या धुराने हिवाळाभर खोकायचे.

कण्हेरीचा उपयोग फुलांपुरता. ह्यांच्या ड्रायव्हरसाहेबांच्या घरून, दोन क्वार्टर पलीकडून, त्यांची पत्नी दर सोमवारी महादेवासाठी फुलं न्यायला यायची. मी त्यांना अम्माजी म्हणायची. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला बजावलं होतं, "बहू, फूल भगवान के, बाकी सब जहर है. काटो तो हाथ धो लियो. और इसकी लकड़ी सिगड़ी में कभी न डालियो, धुआँ भी बुरा."

दिवाळीनंतर कण्हेरीने अडुळशावर फारच सावली धरली, म्हणून मी तिला गुडघ्याइतकी छाटली. हात राखेने तीनदा धुतले. छाटलेल्या फांद्या लांब नेऊन टाकल्या. आणि मग विसरून गेले. बुंध्यापासून नवे धुमारे फुटून अडुळशाच्या फांद्यांत शिरत होते, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

तो दिवस पौषातला. कोहरा, म्हणजे धुकं, इतका दाट की नळ दिसत नव्हता. ह्यांची सातची ड्यूटी होती आणि रात्रभर खोकून झोप झाली नव्हती. मी अंगणात जाऊन अंदाजाने ओंजळभर पानं ओरबाडली. बोटं गारठलेली, हाताला काही कळत नव्हतं. धुऊन पातेल्यात टाकली, आलं, गूळ घातला, निम्मं होईपर्यंत उकळलं.

"आता उशीर झालाय, बाटलीत भरून दे," हे म्हणाले. "वाटेत पिईन. साहेबांनाही खोकला आहे, त्यांनाही देतो."

मी बाटलीला जुना लोकरीचा मोजा चढवून दिली. हे गेले.

नऊ वाजून गेले असतील. पातेलं घासायला घेतलं आणि गाळलेला चोथा हातात घेतला. अडुळशाची पानं उकळली की काळपट, लिबलिबीत होतात, बोटाने दाबली तर फाटतात. त्यात एक पान फाटेना. अरुंद, चिवट, मधोमध जाड शीर. मी ते धुऊन दारात उजेडाला धरलं. मग चोथा सगळा ताटलीत पसरला. तसं आणखी एक निघालं.

मी अंगणात गेले. कोहरा विरळ झाला होता. अडुळशाच्या फांदीला लगटून कण्हेरीचा कोवळा धुमारा उभा होता आणि त्याची पानं नुकतीच खुडलेली होती.

खरं सांगते, मी लगेच धावले नाही. मी तिथेच उभी राहिले. आधी वाटलं, दोनच पानं, काय होणार आहे. मग वाटलं, सांगितलं तर लोक काय म्हणतील? बायकोने नवऱ्याला विष दिलं. सासरी काय कळवायचं? एवढा वेळ मी स्वतःचाच विचार केला, हे आजही मला आठवतं. मग डोळ्यांपुढे इंजिन आलं. त्यावर दोनच माणसं, दोघंही माझा काढा प्यायलेली, आणि मागे चाळीसेक डबे. तेव्हा पाय हलले.

चप्पल घातली नाही. मुठीत ती दोन पानं घेऊन मी लोको शेडकडे, इंजिनं उभी असतात तिकडे, पळाले. तिकडे बायका जात नसत. राखेचे ढीग, रूळ, वाफ, कोण कुठून ओरडतंय कळत नव्हतं. शेडच्या खिडकीत एक बाबू बसले होते. मराठी तोंडात येत होती, हिंदी सुचत नव्हती.

"गाडी थांबवा," मी म्हणाले. "रोको. गाडी रोको."

"कौन सी गाड़ी? किसके घर से हो बिटिया?"

मी ह्यांचं नाव घेतलं. त्या काळी आम्ही घेत नसू. "काढ़े में कनेर का पत्ता चला गया. मेरे हाथ से. दोनों पियेंगे."

त्यांनी माझ्या मुठीतली पानं पाहिली आणि काही न विचारता फोन उचलला. गाडी कोहऱ्यामुळे यार्डातून उशिरा निघाली होती, तरी झाशी सोडून तासभर झाला होता. वाटेतलं बबीना स्टेशन यायला थोडाच वेळ होता. ते फोनमध्ये सांगत होते, "बबीना पर रोको, सिगनल मत दो. बोतल छुड़ा लो दोनों से." मग फोन ठेवून मला म्हणाले, "बैठो." मी बसले नाही. खिडकीची झडप धरून तिथेच उभी राहिले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन वाजला. बाबूंनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ऐकलं.

"तुम्हारे वाले ने नहीं पिया," ते म्हणाले. "कोयला झोंकने में हाथ खाली नहीं था. ड्रायव्हरसाहब ने पिया है. उल्टियाँ हो रही हैं."

माझा जीव एकदम हलका झाला. आणि दुसऱ्याच क्षणी अम्माजी आठवल्या.

त्यांना मीच सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी उंबऱ्यातच सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "चलो." आम्ही रेल्वेच्या दवाखान्यात जाऊन थांबलो. दुपारी ड्रायव्हरसाहेबांना परतीच्या गाडीने आणून तिथे ठेवलं. त्यांची नाडी फार मंद चालत होती. मधूनच म्हणत, सगळं पिवळं दिसतंय. डॉक्टरांनी पानं ठेवून घेतली आणि एवढंच म्हणाले की आजची रात्र बघू या.

हे संध्याकाळी आले. मला वाटलं रागावतील. ते माझ्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "मीच त्यांना बाटली पुढे केली. म्हणालो, साहेब, पहले आप."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी चहा मागितला. तिसऱ्या दिवशी नाडी ठीक झाली. मी पायांवर डोकं ठेवायला गेले तर त्यांनी पाय ओढून घेतले. "अरे बहू, कड़वा तो इतना था कि हमने सोचा असर करेगा ही," म्हणाले, आणि हसताना त्यांना खोकला आला. अम्माजी हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला, घट्ट, दुखेल असा. "तूने दौड़ के बता दिया," त्या म्हणाल्या. "छुपा जाती तो मैं क्या करती?"

मी कितीतरी वेळ अंगणात उभी राहिले होते, हे त्यांना कधीच सांगितलं नाही.

मला कण्हेर मुळासकट काढायची होती. अम्माजींनी काढू दिली नाही. त्यांचा महादेव तिथल्या फुलांवर होता. मग मी अडुळशाची फांदी समोरच्या दाराशी लावली आणि जुना अडुळसा उपटून टाकला. मागे कण्हेर एकटी राहिली.

होळीपर्यंत मी काढा केला नाही. ह्यांचा खोकला ऐकत रात्री पडून राहायची. शेवटी एका दुपारी, लख्ख उन्हात, समोरच्या झाडाची पानं एकेक करून तोडली, प्रत्येक पान चुरगाळून वास घेतला, दोनदा धुतलं. काढा झाल्यावर आधी मी अर्धी वाटी प्यायले आणि घड्याळ समोर ठेवून बसले.

"आता दे," हे तासाभराने म्हणाले.

"अजून थोडं थांबा," मी म्हणाले.