उंबऱ्याखालची बरणी

लिही मिओ, कुमेताईचं लिही. माझं काही नाही लिहिण्यासारखं. चौथीत शाळा सुटली, घरात रेशमाचे किडे, त्यांना तुतीचा पाला कोण घालणार? मला माझं नाव लिहिता येतं तेवढं बास झालं. तुझी आई म्हणेल, आता कशाला उकरून काढतेस जुनं. तिला म्हणावं, उकरण्यातच तर आजीची सहा वर्षं गेली.

कुमेताई आमच्या शेजारची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी नदीपलीकडून लग्न होऊन आली. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की आकागी डोंगरावरचा वारा सुटला, कौलं उडायला लागली, तरी तिची हाक आमच्या चुलीपर्यंत यायची. जिभेला हाड नाही. एकदा देवळात बुवांचे मंत्र संपता संपेनात, आम्ही सगळ्या गुडघे मोडून बसलेल्या. ही म्हणते, "बुवा, माझे पाय मेले, आता पुढचे मंत्र त्यांच्याच नावानं म्हणा." बुवाच हसले आधी.

आणि हात! कोन्न्याकूचा कंद जमिनीतून काढायचा तर आमच्या कुदळीचा एकतरी घाव लागायचाच त्याला. हिच्या टोपलीत एकाही कंदाला ओरखडा नाही. मातीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि सांगायची, इथं आहे, इथं नाही.

आता एक गोष्ट तुला आधीच सांगून टाकते. आम्हाला तेव्हा माहीत नव्हती, पण तू ती डोक्यात ठेवून पुढचं लिही. कुमेताईला पहिली मुलगी झाली ती रडलीच नाही. आली तशी गेली. रडली नाही म्हणजे नाव नाही, नोंद नाही, घराण्याच्या कबरीत जागा नाही. सासूनं काय केलं, आंबट लोणच्याची तपकिरी बरणी रिकामी केली, पोर तीत घातली आणि दारात उंबऱ्याखाली पुरली. आमच्याकडं जुन्या काळी तसंच करायचे. आई दिवसातून वीसदा ये-जा करते, तिच्या पायाखालून ते लेकरू परत पोटात येतं म्हणायचे.

कुमेताईनं चाळीस वर्षं तो उंबरा ओलांडला. पुढं दोन मुलगे झाले. मुलगी काही परत आली नाही.

मध्ये दारातल्या जमिनीवर सिमेंट ओतलं. ती सिमेंटवरून ओलांडायला लागली. मग बायपास निघाला तो नेमका तिच्या घरावरून. सरकारनं ओढ्यापलीकडं दुसरं घर दिलं. हिनं नवऱ्याला सांगितलं, घर पाडायच्या आधी पोर काढून घेऊ, कबरीत ठेवू. तो भित्रा. "कागदावर नाही ती. पोलिसांनी विचारलं तर काय सांगशील? गप्प बस." ती गप्प बसली. जन्मात एकदाच गप्प बसली, तीही तिथं.

घर पडलं, सिमेंट उचललं, आणि दुसऱ्या दिवशी जागेला दोरी लागली. उत्खननाच्या कंपनीची.

त्यांचा धंदाच तो. कुणाला रस्ता हवा, कुणाला गोदाम हवं. जमिनीखाली जुनं काही असलं तर ते काढून, मोजून, फोटो घेऊन, मुदतीच्या आत जागा मोकळी करून द्यायची. वर त्यांचे चार शिकलेले लोक, आणि खाली बसून माती खरवडायला आम्ही गावच्या बाया. कुमेताईनं पहिल्या दिवशी नाव दिलं. मला म्हणाली, "योने, चल. शेतात वाकायचंच आहे, तिथं वाकू." मला वाटलं, घरी करमत नसेल हिला.

साहेब होता साकुमा म्हणून. अठ्ठावीस वर्षांचा, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, तो आम्हाला सरसकट काकू. पोरगा वाईट नव्हता, पण कंपनीचा फोन आला की वेगळाच माणूस व्हायचा. फोन ठेवला की म्हणायचा, "काकू, जरा हात उचला."

जागेचे दोरीनं चौकोन पाडलेले. पश्चिमेकडून सुरू करून पूर्वेकडं सरकायचं. खुरप्यानं मातीची साल काढायची, सुपात भरायची, ढकलगाडीत टाकायची, गाडी ढिगावर उपडी करायची. आणि उलट सरकत जायचं, आपल्या पावलाचा ठसा मागं राहता कामा नये. फोटोत पाऊल दिसलं की मास्तर ओरडायचा. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं पाऊल सापडलं तर त्यावर तंबू बांधायचे, आमचं दिसलं तर झाडू.

आणखी एक होतं. अलीकडच्या माणसांनी खणलेले खड्डे असतात ना, संडासाचे, कचऱ्याचे, त्यातली माती मऊ, वेगळ्या रंगाची. तिला आम्ही भेसळ म्हणायचो. चौकोन साफ केला की आधी भेसळ उपसायची, फावड्यानं, भराभर. तिचं चित्र नाही, नंबर नाही, पिशवी नाही. ती गेली की मग जुन्या मातीला खुरपं लावायचं, बोटांनी, हळू.

कुमेताई रोज सकाळी मास्तरच्या मागं. "मला पूर्वेचा चौकोन ठेवा हो."

"काकू, पूर्वेला काय आहे? परवापर्यंत तुमचंच घर होतं तिथं."

"म्हणून तर. माझ्या घरातला झाडू मीच मारणार."

बाया हसायच्या. कुणी म्हणालं, हिनं नवऱ्यापासून चोरून चांदी पुरलीय. ती म्हणायची, "चांदी असती तर त्या म्हाताऱ्याबरोबर राहिले असते का गं?"

तिचा हिशोब साधा होता, मला पुढं कळला. भेसळीकडं कोण बघतंय? उंबऱ्याचा खड्डा तिच्या वाट्याला आला की बरणी हळूच काढून शालीत गुंडाळायची. कंपनीला नको असलेली वस्तू, म्हणजे कुणाची चोरीही नाही.

उन्हाळा गेला, ख्रिसमस जवळ आला. सकाळी जमिनीवर गोठलेल्या दहिवराचे काटे उभे. मास्तरनं सांगितलं, उद्यापासून पूर्वेचे चौकोन, परवा हेलिकॉप्टर येणार, वरून फोटो. कंपनीचे फोनावर फोन. कुमेताई त्या दिवशी घरी जाताना गाणं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी आली ती चांगली शाल घेऊन. आम्ही दोघी उंबऱ्याच्या चौकोनात बसलो. तिनं एकदा बोटानं टकटक केलं, आणि मान डोलावली. एवढ्यात पश्चिमेकडून मास्तर ओरडत आला. "कुमे काकू, चला चला! मडकं लागलंय!"

"मी इथं आहे."

"अहो अख्खं मडकं आहे, जमिनीत उपडं घातलेलं. त्या हजारो वर्षांपूर्वीच्या घराच्या दारात. काठाला चीर आहे. तुमच्याशिवाय कुणाचा हात लागू देणार नाही मी त्याला."

"दुसऱ्या कुणाला सांगा."

"दुसरं कोण आहे? हे फुटलं तर कंपनी मला खाईल. फक्त अर्धा तास."

तिनं माझ्याकडं बघितलं. अजून डोळ्यासमोर आहे. काहीतरी सांगणार होती. पण मास्तर समोर उभा, बाकीच्या बाया बघतायत, आणि चाळीस वर्षांची सवय. एवढंच म्हणाली, "योने, ह्याला हात लावू नकोस. मी येते."

मी म्हटलं, "बरं."

ती गेली. तिथं ती गुडघ्यावर बसली, ब्रश घेतला. लांबून ऐकू येत होतं. मास्तर म्हणाला, "धान्य साठवायचं असेल बहुतेक." ती म्हणाली, "दारात कोण धान्य साठवतं? मूल आहे ते. मेलेलं. आईच्या पायाखाली ठेवलंय." तो हसला. "काकू, हाडं नाहीत, पुरावा नाही, असं नाही म्हणता येत." ती ब्रश फिरवत राहिली.

इकडं कंपनीचा दुसरा माणूस आला, घड्याळवाला. "काकू, बसून का? ही भेसळ अजून तशीच?"

मी म्हटलं, "कुमेताई येतेय."

"उद्या हेलिकॉप्टर आहे, कुमेताई नाही. उपसा."

आता तू म्हणशील, आजी, तू नकार का दिला नाहीस. नाही दिला. मला वाटलं, ताईला तिच्या घराचा लळा आहे म्हणून ती म्हणाली, दुसरं काय असणार. फावडं घेतलं. पलीकडच्या बाईशी माझ्या सुनेच्या गोष्टी करत करत उपसलं. तिसऱ्या फावड्याला काहीतरी कटकन वाजलं. तपकिरी बरणी, गळ्याशी टवका गेलेला. फुटली. आत नुसती काळी माती. मी एक तुकडा त्या माणसाला दाखवला. त्यानं हातातही घेतला नाही. "पन्नास वर्षांतली आहे. फेका." फेकली. गाडी भरली, ढिगाकडं नेली, उपडी केली, परत आले. परत भरली.

दहाचा चहा झाला. मुळ्याचं लोणचं, उकडलेले बटाटे. कुमेताई हात पुसत आली, आली ती थेट चौकोनाशी. खड्डा साफ, झाडून काढलेला. भिंती अशा गुळगुळीत केल्या होत्या मी, कौतुक व्हावं म्हणून.

"योने, बरणी होती ना गं इथं?"

"होती. फुटकी. टाकली."

ती खड्ड्याच्या काठावर बसली. मग तिनं सांगितलं. चार वाक्यांत. सासू, बरणी, उंबरा, मुलगी. रडली नाही. मीच रडायला लागले तर म्हणाली, "आवाज करू नकोस. गाडी ढिगाच्या कुठल्या बाजूला उपडी केलीस तेवढं सांग."

मिओ, मला आठवत नव्हतं. सकाळपासून पंधरा बाया गाड्या रिकाम्या करत होत्या. ढीग घराएवढा. सगळी माती काळी. मी सुनेच्या गोष्टी करत होते, मला काय ठाऊक कुठं उपडी केली. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "डाव्या बाजूला. पर्सिमनच्या झाडाकडं."

ती ढिगावर चढली. खुरप्यानं उकरायला लागली. मास्तर खालून ओरडला, "काकू, उतरा! हेल्मेट नाही, काही झालं तर माझ्यावर येईल!" तिनं ऐकलं नाही. तपकिरी खापरी एकही मिळाली नाही. शेवटी शाल पसरली, त्या बाजूची दोन ओंजळी माती घेतली, गाठ मारली, उतरली. आणि परत पश्चिमेला जाऊन त्या मडक्यापाशी बसली. संध्याकाळपर्यंत ब्रश फिरवत होती. एक ओरखडा नाही पडू दिला. मला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्याकडं त्यांची काय कमी होती?

दुपारीच डंपर लागले होते ढिगाला. माती पुढच्या पुलाच्या भरावाला गेली.

जानेवारीत लोकांना जागा दाखवायचा दिवस ठेवला. शहरातून माणसं आली, शाळेची पोरं आली. मास्तर कोट घालून उभा. म्हणाला, "साडेचार हजार वर्षांपूर्वी एका आईनं आपलं मृत बाळ दारात ठेवलं असावं, रोज ओलांडताना ते परत पोटात यावं म्हणून." पुरावा नव्हता, पण आता ऐकायला बरं वाटत होतं. बायकांनी डोळे पुसले. एका म्हातारीनं मडक्यापुढं संत्रं ठेवलं. सगळे हात जोडत होते. कुमेताई बूट ठेवायच्या जागी उभी होती, लोकांना चिखल पुसायला पोतं देत होती. मास्तर तिच्याकडं बोट करून म्हणाला, "ह्या काकूंच्या हातांनी निघालं हे." टाळ्या झाल्या. ती वाकली.

ते मडकं आता काचेत आहे. खाली मास्तरचं नाव आहे.

शालीतली माती तिनं छोट्या बरणीत भरली आणि कबरीत ठेवली, बाजूला बिननावाचा दगड उभा केला. मुलांना तिनं सगळं सांगितलं. माझ्याशी तीन वर्षांनी बोलायला लागली. पूर्वीसारखी नाही. मरायच्या आधी दवाखान्यात भेटायला गेले तर माझा हात धरून विचारलं, "डावीच बाजू ना गं?"

"डावीच, ताई."

खरं सांगते, बरणी फेकली त्याच रात्री मला आठवलं होतं. डाव्या बाजूला सकाळपासून जुन्या संडासाचा खड्डा उपसून टाकत होते. माझी गाडी तिकडं गेलीच नसणार, तिकडं वास येत होता. हे मी वीस वर्षं पोटात ठेवलं. दरवर्षी पितरांच्या दिवसांत त्या दगडावर पाणी घालते आणि मान वर करत नाही.

आज लिहून का घेतेय? कुमेताईचा थोरला परवा आला होता. त्याला आता तोक्योहून इकडं यायला जमत नाही, गुडघे गेलेत. कबर बंद करून आईबापांच्या अस्थी तिकडंच नेतोय. दगड हलवला, छोटी बरणी निघाली. ती दोन्ही हातांत घेऊन माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "योनेकाकू, नुसती मातीच आहे. हीपण न्यायची का? तुम्ही होता ना तिथं, तुम्हीच सांगा."

साठीचा माणूस. डोळे अगदी आईचे.

मी म्हटलं, "ने बाबा. बहीण आहे तुझी. नीट धर, गाडीत उपडी होऊ देऊ नकोस."