मागावर बसलेली पाहुणी

त्या वर्षी मी चौंडेश्वरीमायशी बोलणं थांबवलं होतं. देवळात जाणं सुटलं नव्हतं. आमच्या कोष्टी मोहल्ल्यात देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि सकाळी ओटा झाडून तांब्याभर पाणी घालणं माझ्या हातांना इतकं सवयीचं झालंय की त्याला मनाची गरज लागत नाही. पण पूर्वी पाणी घालता घालता मी तिला घरातलं सगळं सांगत असे, लेकीच्या परीक्षेपासून भाजी खारट झाल्यापर्यंत. ते सांगणं आटलं. सांगून होतं काय, असं वाटू लागलं होतं.

मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. कोसा म्हणजे रानातल्या झाडांवर होणारं रेशीम. आमच्या घरी सासऱ्यांच्याही आधीपासून करवतकाठी लुगडी विणली जातात. अंग कोशाचं, मधासारख्या रंगाचं. काठ सुताचा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी. ती नक्षी धरायला आडवी दोरी नेणारे तीन धोटे लागतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन काठांचे. मशीनवरची नक्कल बाजारात आली तशी गल्लीतली माणसं एकेक करून माग उकलून तुमसरला राईस मिलमध्ये कामाला गेली. शेवटी आमचाच माग वाजत राहिला. माझे यजमान म्हणायचे, "हात चालते तोवरी माग चालते." मी कांड्या भरायची, सूत सोडवायची, घर बघायची. मागावर मात्र कधी बसले नाही. ते त्यांचं राज्य होतं.

पोळा झाला आणि एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा गळून पडला. लकवा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, वेळेवर नेलं असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, पायही हळूहळू जमिनीवर टेकू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, खाटेवर ठेवला तर खाटेवर, असा पडून राहायचा. त्या हातासाठी मी मायकडे मागून मागून थकले. त्यांचं बोलणंही जडावलं होतं. एखादा शब्द अर्ध्यात मोडला की ते ओठ मिटून घेत, आणि मग त्यांनी शब्दच सोडले. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायला मी हात धरला की डोळे मिटत. घरी आल्यापासून त्यांनी मागाच्या खोलीकडे पाठ करून खाट लावायला लावली होती.

आणि मागावर होतं देवीचं लुगडं. घटस्थापनेला मायला नेसवायचं लुगडं दरवर्षी आमच्याच घरून जातं. अर्धं विणून झालं होतं. धोटा जिथे थांबला तिथेच होता. मी रोज त्या कापडावरची धूळ फडक्यानं हलकेच टिपायची आणि दार ओढून घ्यायची. आमची लेक तुमसरला कपड्याच्या दुकानात कामाला आहे, दर रविवारी घरी यायची. एकदा तिनं हळूच विचारलं, "आई, ताण्याच्या दोऱ्या कापून टाकायच्या का? माग तरी मोकळा होईल." मी तिच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. पण मनातून मीही तिथवर आले होते. माग विकायचा, आणि मी मिलमध्ये तांदूळ पाखडायला जायचं. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना मी मायकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक बाई दारात उभी राहिली. ओळख ना पाळख. अंगानं जाड, रंगानं काळीसावळी, कपाळावर घाम, हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. "पाणी देतेस का वो माय?" ती म्हणाली. "गाडी पंचर झाली चौकात. डायवर म्हणते टाइम लागन." ती लाखांदूरकडची, तुमसरला बहिणीकडे निघालेली. आवाज एवढा मोठा की आमच्या घरात कित्येक दिवसांत तेवढा आवाज झाला नव्हता. तिला आत बसवून मी मागच्या अंगणात माठातलं पाणी आणायला गेले. परत येते तर बाई जागेवर नाही. मागाच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि ही आपली मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली.

"काय सुंदर हाय वो हे!" ती मला म्हणाली. "माही माय सतरंज्या विणे. मलेही येते थोडंसं." आणि मी तांब्या खाली ठेवेपर्यंत तिनं पायाखालची पावडी दाबली, धोटा उचलला आणि सतरंजीच्या हिशेबानं जोरात फेकला. काठाचा धोटा तसाच राहिला. कोशाची दोरी काठाला न अडकता मोकळीच गेली. तिनं फणी ठोकली, पुन्हा पावडी, पुन्हा तेच. देवीच्या लुगड्यावर परक्या बाईचा हात, तोही असा! पण पाहुणीला ओरडायचं कसं, या विचारात मी उंबऱ्यावर उभी राहिले, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवो बाई! तोडसान न देवीचं लुगडं!"

मी वळले. हे खाटेवर उठून बसले होते. बोल जड होता, पण अख्खं वाक्य होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाईला त्याचं काहीच नवल नव्हतं. ती तिथूनच ओरडली, "मंग तुमी सांगा न. पडल्या पडल्या पाह्यता कायले?"

मी आधार द्यायला धावले तर त्यांनी डाव्या हातानं मला बाजूला सारलं. भिंतीला धरून, उजवा पाय ओढत, ते त्या खोलीत गेले. मागाच्या कडेला टेकले आणि सांगू लागले. आधी काठाचा धोटा, मग त्यात अंगाची दोरी अडकवायची, मग पावडी सोडायची. शब्द मोडत होते. पण ते थांबत नव्हते, मोडलेला शब्द पुन्हा उचलून पुढे जात होते. बाईनं ऐकलं, फेकलं आणि पुन्हा चुकवलं. "तसं नाही!" हे चिडले. खूप दिवसांनी मी त्यांना चिडलेलं पाहत होते, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

ती बाई हसत खड्ड्यातून वर आली. पदरानं तोंड पुसलं. "माह्या हातानं नाही होत हे, भाऊ. हिच्या हातानं करवून घ्या." एवढं म्हणून तिनं धोटा माझ्या हातात दिला. चौकातून गाडीचा हॉर्न ऐकू आला. तिनं ओंजळभर शिंगाडे ओट्यावर ठेवले, गटागटा पाणी प्यायली आणि तरातरा निघून गेली. नाव विचारायचंही सुचलं नाही.

आम्ही दोघं त्या खोलीत उभे होतो. मला वाटलं, आता ते परत खाटेवर जातील. ते मागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस."

मी बसले. इतकी वर्षं या घरात राहून त्या खड्ड्यात मी पहिल्यांदा पाय सोडले. त्या दिवशी आम्ही फक्त तिनं बिघडवलेलं उकललं. पुढचे कित्येक दिवस मी विणायची आणि पुन्हा उकलायची. दोरी तुटायची, नक्षीचे दात वाकडे यायचे. ते रागवायचे, मीही फणकारायची, "तुमी लहानपणापासून शिकले, मी आज शिकून राहिली!" एकदा तर दोघंही रडलो, आणि मग चहा घेतला. असंच एकदा डाव्या काठाशी माझा हात पुन्हा पुन्हा अडखळत होता. त्यांना राहवलं नाही. त्यांनी डाव्या हातानं तो धोटा माझ्याकडून काढून घेतला आणि फेकला. बरोबर पडला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हापासून डावा काठ त्यांचा, बाकी माझं.

त्यानंतरच्या रविवारी लेक आली आणि दारातच थांबली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि बाबांच्या शेजारी भुईवर बसून राहिली. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, लोकांले खरं सांगून टाकू आपण. हात बदलले, वेळ लागन. जे थांबते त्यांचं करू." यांना ते रुचलं नव्हतं. विणकरानं आपलं दुखणं गिऱ्हाइकाला सांगू नये, अशी त्यांची रीत. तरी तिनं एकेकाला फोन करून सांगितलं. नागपूरच्या जुन्या व्यापाऱ्यानं काम काढून घेतलं. पण दोन घरं अशी निघाली की म्हणाली, लग्न उन्हाळ्यात आहे, सावकाश होऊ द्या. पुढे मोठी लुगडी जमेनात तेव्हा आम्ही उपरणी विणायला घेतली. ती माझ्या कच्च्या हाताला झेपणारी होती. धंदा वाढला असं नाही म्हणणार मी. धंदा राहिला. पूर्वी घरात एकाची मेहनत होती आणि बाकीच्यांची त्यावर भिस्त. आता कुठे दोरी अडते हे तिघांनाही ठाऊक असतं.

देवीचं लुगडं मात्र घटस्थापनेला झालं नाही. मी खाली मान घालून पुजारीबाबांकडे गेले. ते म्हणाले, "मायले कोणती घाई हाय? मागच्या सालचं नेसन ते." दसरा गेला, कोजागरी गेली, तेव्हा कुठे लुगडं मागावरून उतरलं. नक्षीचे दात सगळे सारखे नव्हते. यांनी बोटानं काठ चाचपला आणि म्हणाले, "चालते."

त्या बाईचा मी पुष्कळ शोध घेतला. लेकीनं तुमसरला चौकशी केली, मी गाडीच्या कंडक्टरला विचारलं. कोणाला काही आठवत नव्हतं. शेजारणी म्हणतात, अवो, मायच आली होती तुह्या घरी. यावर हे हसतात आणि म्हणतात, "माय असती तं तिले विणता नसतं आलं का?" मी दोघांशीही वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की एखादी निष्णात विणकरीण त्या दिवशी आली असती, तर तिनं चार बोटं कापड नीट विणून दिलं असतं आणि हे खाटेवरच पडून राहिले असते. जिला येत नव्हतं, तीच आली. मी हात मागत होते, सारखा तोच एक हात. तो काही मिळाला नाही, आजही तो मांडीवरच असतो. पण माझं मागणं जिथे संपलं, तिथून देणं सुरू झालं, आणि ते मला ओळखू यायला वेळ लागला. आपण म्हणू तसंच घडावं हा हट्ट सोडला, तेव्हा घडतंय ते दिसू लागलं.

लुगडं नेसवलं तो साधा मंगळवार होता. ना ढोल, ना गर्दी. पुजारीबाबांनी निऱ्या नीट केल्या आणि बाजूला झाले. कोशाचा तो मधाळ रंग समईच्या उजेडात उजळला. हे माझ्या शेजारी उभे होते. नमस्काराला त्यांनी डावा हात छातीशी नेला आणि तो तिथेच थांबला, जोडायला दुसरा नव्हता. मी माझा उजवा हात त्याला लावला. तसे आम्ही बराच वेळ उभे राहिलो, दोघांचा मिळून एक नमस्कार. आणि किती तरी दिवसांनी मी मायशी बोलले. मागितलं काही नाही. घरी भात शिजत टाकून आलेय, तेवढं सांगितलं.